पार्श्वभूमी : ज्यांना उठून बाहेर पडता येत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची खूण २५ फुटांवर आहे. बडोद्यात लष्कर बोलवावं लागलं. अशा पुरात दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घराचा उंबरठा कोरडा राहतोही, पण डायालिसिसला जायचा रस्ता पाण्याखाली असतो. मुलं पुण्याला किंवा परदेशात, घरात आजी-आजोबा दोघंच. आजोबांचा डायालिसिसचा वार चुकला तर तीन-चार दिवसांत जिवावर बेततं. त्यांची आठवण इस्पितळानं ठेवायची की नाही?

आपल्याकडचा इस्पितळाचा आपत्ती आराखडा मुळात बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिला गेला. अपघात झाला, स्फोट झाला, जखमींचा लोंढा आला, तर डॉक्टर कोण, रक्त कुठून, कुणावर आधी उपचार करायचे ते सांगणारी लाल-पिवळी-हिरवी चिठ्ठी कुणाच्या गळ्यात. इमारत शाबूत राहणार आणि आतला रुग्ण जागेवरच असणार, हे त्यात गृहीतच होतं.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचं सरकारी इस्पितळच कोसळलं. ज्या दारात जखमींना न्यायचं तेच दार राहिलं नाही. त्यानंतर गुजरातेत राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं राहिलं, २००३ मध्ये राज्याचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि २००५ मध्ये देशाचा. पण त्या केंद्रीय कायद्याची भाषा पाहा. मदतीच्या किमान निकषांत खास तरतूद विधवा आणि अनाथांसाठी. भेदभाव करू नये असं सांगताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म ही नावं आहेत. अपंगत्व आणि वय नाही. २००१ च्या ढिगाऱ्यातून कित्येक जण कायमचे अधू होऊन बाहेर आले होते, तरीही.

मग आगी लागल्या. ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या आमरी इस्पितळात तळघरातली आग वर चढली नाही, धूर चढला, आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक खाटेवरचे रुग्ण. ज्याला चालता येतं तो जिन्यानं उतरतो; व्हेंटिलेटरवरच्या माणसाला उतरवायला चार माणसं, हातानं पिशवी दाबून श्वास देणारा एक आणि रुंद जिना लागतो. हे गणित आराखड्यात आधी मांडलेलं नसेल तर धुरात कुणालाही सुचत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची रुग्णालय-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्ये आली.

पुढची वर्षं आपल्या अगदी जवळची. ६ ऑगस्ट २०२० ला अहमदाबादेत कोविड रुग्णालयातल्या आगीत आठ रुग्ण दगावले. महिनाभरात, ८ सप्टेंबरला, बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागात आग लागली. रुग्णांना वेळेत हलवलं, प्राणहानी झाली नाही. त्या रात्री खाटा ढकलत नेणाऱ्या हातांबद्दल या शहरानं फार थोडं बोललं आहे. १ मे २०२१ ला भरूचमध्ये मात्र अठरा जीव गेले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला दहा नवजात बाळं. बाळाला तर ओरडूनही सांगता येत नाही की मी आत आहे.

कायद्यानं एक पाऊल २०१६ मध्ये टाकलं होतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी भोंगा पुरत नाही, हे तिथं मान्य झालं. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात कामाची ओळ हीच, कारण ती इस्पितळाच्या भिंतीबाहेर पाहते.

दिव्यांगांची ही यादी जिल्ह्याकडे, डायालिसिसच्या वारांची केंद्राकडे, घरी ऑक्सिजनवर असलेल्यांची सिलिंडर पुरवणाऱ्याकडे. आजवा सरोवरातून विश्वामित्रीत पाणी सोडायच्या आधी, जूनमध्येच, या तिन्ही याद्या इस्पितळाच्या एका टेबलावर यायला हव्यात, आणि त्यावर आपल्या आजोबांचं नाव आहे का, हे विचारायला आपण जायला हवं.