ताण, बाई आणि पुरुष : मोजमाप कोणाचं झालं?

भुंकणारा कुत्रा समोर आला की मांजराच्या रक्तात ॲड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, हे हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने दाखवलं. १९१५च्या त्याच्या पुस्तकातून ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना रुजली. १९३६मध्ये मॉन्ट्रियलच्या हान्स सेलिएने उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाची आणखी लक्षणं मांडली : फुगलेल्या ॲड्रेनल (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथी, जठरात व्रण. पुढची कित्येक वर्षं अभ्यास झाला तो बहुतेक नरांचा आणि पुरुषांचाच. कारण ठरलेलं : मादीची संप्रेरकं चक्रानुसार बदलतात, आकडे ‘बिघडतात’. म्हणजे निम्म्या जगाचं शरीर ही प्रयोगातली अडचण!

त्यातून बाहेर काढलं स्टॉकहोमच्या मारियान फ्रांकनहॉयझर यांनी. १९७०च्या दशकात त्यांनी लघवीतलं ॲड्रेनलिन मोजलं. प्रयोगशाळेतल्या गणितं-कोड्यांच्या ताणाने ते पुरुषांत चांगलंच चढे, बायकांत कमी. इथेच थांबल्या असत्या तर ‘बायका मुळातच शांत’ असा निष्कर्ष निघाला असता. पण लहान मुलाला रुग्णालयात नेणाऱ्या आईबापांना तपासलं, तेव्हा आयांचं ॲड्रेनलिन बापांइतकंच वाढलेलं. पुरुषी समजल्या जाणाऱ्या पेशांतल्या बायकांतही फरक जवळजवळ पुसलेला. पुढे व्होल्वो या स्वीडिश मोटार कंपनीतल्या व्यवस्थापकांचा अभ्यास झाला. संध्याकाळी पुरुष घरी गेले की त्यांचं नॉरॲड्रेनलिन (ॲड्रेनलिनचंच भावंडं संप्रेरक) उतरे. बायकांचं उतरत नसे. ऑफिसातून सुटून थेट ओट्याशी उभं राहणाऱ्या कुणालाही यात नवल वाटू नये.

मग सगळं परिस्थितीवरच आहे का? तसंही नाही. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात लोकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं अशी ताणाची चाचणी १९९३मध्ये तयार झाली. क्लेमेन्स किर्शबाउम यांच्या गटाने १९९९मध्ये ती वापरून लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं आणखी एक संप्रेरक तपासलं. मासिक चक्राच्या उत्तरार्धातल्या बायकांचा प्रतिसाद पुरुषांच्या जवळ गेला. पूर्वार्धातल्या आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचा कमी भरला. ज्या चक्राला अडचण म्हणून टाळलं, उत्तराचा एक भाग नेमका तिथेच होता.

२०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी ‘जपा आणि जोडा’ अशी कल्पना मांडली : संकटात मादी पिल्लांना सांभाळते, सोबत शोधते, त्यामागे ऑक्सिटोसिन या माया-जवळिकीशी जोडल्या जाणाऱ्या संप्रेरकाचा हात असावा. मला हे गृहीतक जरा जास्तच गोड वाटतं, आणि त्याचा बराच आधार प्राण्यांवरचा आहे. पण त्याच लेखातला एक आकडा विसरता येत नाही : १९९५पूर्वी ताणाच्या शारीरिक प्रतिसादांवरच्या प्रयोगांत बायका होत्या सुमारे १७ टक्के. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही नर-मादी हा घटक धरा, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं धोरण लागू झालं २०१६मध्ये, कॅननच्या पुस्तकानंतर १०१ वर्षांनी.