सुखदुःखाच्या जमाखर्चाबाहेरचं जगणं

‘सुख पाहतां जवापाडें, दुःख पर्वताएवढें’ ही तुकोबांची ओळ येताजाता कुणीही म्हणतं. अभंग मात्र बहुतेकांचा तिथेच थांबतो. पुढे तुकोबा वयाचा हिशेब घालतात: अर्धं आयुष्य रात्रीनेच नेलं, उरलेलं बालपण, म्हातारपण आणि आजारपण यांत गेलं. जमेची बाजू इतकी तोकडी असूनही जगणं टाकाऊ आहे, असं ते म्हणत नाहीत. उलट ‘धरीं धरीं आठवण’ म्हणून जागं करतात. मला हा अभंग रडगाणं कधीच वाटला नाही. हाती थोडं उरलंय, ते वाया घालवू नकोस, अशी त्यातली कळकळ आहे.

त्याच्या कितीतरी आधी गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने सुखदुःखांना थंडी-उन्हाच्या पंगतीला बसवलं होतं. येतात, जातात, सोसावीत.

युरोपात इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये सुखदुःख मोजायची रीतसर पद्धत मांडली. तीव्रता, कालावधी, खात्री अशा तिच्या सात कसोट्या. एखादा कायदा लोकांचं दुःख वाढवतो की घटवतो, हे विचारायला ती फार मोलाची ठरली. पण एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याला तोच काटा लावला की पंचाईत होते. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअरने तर जीवन म्हणजे खर्चही न भागवणारा धंदा ठरवून टाकला. त्याच्याच देशातल्या नीत्शे या तत्त्वज्ञाने १८८२ मध्ये याला उलटं उत्तर दिलं: वाट्याला आलेलं नुसतं सोसू नका, त्यावर प्रेम करा. नाझी छळछावण्यांतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी १९४६ मध्ये व्हिएन्नात व्याख्यानं देऊन सांगितलं, की दुःखातल्या जगण्यालाही अर्थ असतो.

नेमका प्रश्न विचारला तो अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांनी, १९७० मध्ये, मृत्यूवरच्या निबंधात. चांगले-वाईट सगळे अनुभव बाजूला काढले तर मागे काय राहतं? शून्य नाही, असं त्यांचं उत्तर. पाहणं, काही हवंसं वाटणं, विचार करणं यांचं स्वतःचं मोल असतं, आणि ते ठळकपणे जमेचंच. मला हे मनापासून पटतं.

सुखदुःखाची बेरीज आणि एकूण आयुष्याचं मोल यांतला फरक सर्वेक्षणांनीही ओळखला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांच्या १९६५ च्या, आयुष्य जोखायच्या शिडीवर ० ते १० पायऱ्या आहेत. आपलं एकूण आयुष्य कुठल्या पायरीवर आहे, ते माणूस स्वतः सांगतो. काल हसलात का, काळजीत होतात का, हे हल्ली त्याला वेगळं विचारतात.