कल्हई न केलेलं तांबं

ग्लासगोच्या क्वीन्स डॉक या जुन्या गोदीचं पंपहाऊस १८७७ मधलं. वाफेच्या यंत्राने पाणी दाबून मनोऱ्यातलं प्रचंड वजन वर उचलून ठेवायचे. ते खाली येऊ लागलं की दाबाचं पाणी नळांतून धावायचं आणि गोदीच्या तोंडावरचा अवजड पूल वळायचा. पुढे गोदी बुजवली गेली, पण ही इमारत वाचली. २०१७ पासून तिथे क्लाइडसाइड ही स्कॉच व्हिस्कीची डिस्टिलरी आहे. नदीच्या बाजूला काचेची भिंत आणि तिच्याआड तांब्याची दोन घाटदार भांडी. मला ही भांडी फार मोलाची वाटतात.

आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, आंबट पदार्थाला तांबं लागू नये म्हणून. इथे मात्र तांबं उघडंच हवं. मोड आणून वाळवलेले जव लॉख कॅट्रिन या तळ्याच्या मऊ पाण्यात साधारण ६४ अंशांवर भिजवले की त्यांतल्या स्टार्चची साखर होते. यीस्ट ती खाऊन अल्कोहोल तयार करतं, पण सोबत गंधकाची संयुगंही. त्यांना उकडलेल्या कोबीसारखा वास येतो आणि त्यांतली काही तर इतकी उग्र असतात की लेशभरही नाकाला लागतात.

हे आंबवण उकळलं की वाफ तांब्याला घासत मानेतून वर चढते. गंधक तांब्याला चिकटतो आणि बराचसा मागेच राहतो. जड वाफ मानेतच थंड होऊन परत खाली येते, पुन्हा तापते, पुन्हा चढते. दर फेरीत तांब्याशी गाठ. म्हणून मान किती उंच आणि आच किती मंद, यावर चव ठरते. स्टेनलेस स्टील स्वस्त आणि टिकाऊ खरं, पण ते हे काम करत नाही.

पहिल्या भांड्यातून निघालेलं दुसऱ्या भांड्यात पुन्हा उकळतात. तिथून येणारी धार काचेच्या कुलूपबंद पेटीतून वाहते. सुरुवातीची आणि शेवटची धार बाजूला काढून फक्त मधली ठेवतात. ती साधारण ७० टक्के अल्कोहोलची आणि पाण्यासारखी नितळ असते. स्कॉच म्हणवून घ्यायला तिला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं काढावी लागतात.

गोव्यात काजूची फेणी काढणारं भाण पूर्वी मातीचं असे, आता तेही तांब्याचं असतं.

दोन घाण्यांच्या मध्ये भांडं उघडून तांब्याला हवा लागू देतात, म्हणजे ते पुन्हा ताजंतवानं होतं. तरी वर्षागणिक पत्रा पातळ होत जातो. त्याची जाडी मोजत राहतात आणि फारच झिजला की तांबट तेवढा तुकडा कापून नवा जोडतो.