शब्द ओळखताना गोंधळ येतो कुठून?

शब्दांची यादी वाचून झाली की एकेक शब्द पुढ्यात येतो आणि विचारलं जातं, हा यादीत होता का? आठवून सांगायचं नाही, नुसतं ओळखायचं. तरी चुकतं. का चुकतं, यावरचा वाद मोठा रंजक आहे.

सुरुवात झाली ती पाठांतराच्या प्रयोगांतून. जर्मनीतल्या गटिंगेनच्या म्युलर आणि पिल्त्सेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९०० साली दाखवलं, की नवं शिकलं की आधीचं पाठांतर पुसट होतं. काळ स्वतः काहीच पुसत नाही, लोखंडही नुसते दिवस सरल्यानं गंजत नाही, असं मॅकगिओक यांनी १९३२ मध्ये बजावलं. १९५७ मध्ये अंडरवूड यांनी उलट बाजू मांडली: जुन्या याद्याच नव्या यादीच्या आड येतात.

ओळखणं मात्र चिवट निघालं. १९६७ च्या शेपर्ड यांच्या प्रयोगात ५४० शब्द पाहिल्यावरही, जोडीतला पाहिलेला शब्द लोक शंभरात सुमारे ८८ वेळा बरोबर निवडत होते.

तरीही १९८० च्या दशकातल्या सिद्धांतांचा भर शेजाऱ्यांवर होता: यादीतले बाकीचे शब्द कालवा करतात, म्हणून गोंधळ. त्याला तडा गेला १९९० मध्ये. रॅटक्लिफ, क्लार्क आणि शिफ्रिन यांना आढळलं, की काही शब्द जास्त घोटवून घेतले तरी बाकीचे ओळखण्यात फारसं बिघडत नाही.

डेनिस आणि हम्फ्रीज यांनी २००१ मध्ये बोट ठेवलं ते शब्दाच्या स्वतःच्या पूर्वायुष्यावर. ‘पाणी’ आपण आज सकाळपासून कितीदा ऐकलं, बोललो. त्यातलं यादीतलं नेमकं कोणतं? ‘घंगाळ’ क्वचितच भेटतं, म्हणून ते चटकन ओळखू येतं. कमी वापरातले शब्द अधिक अचूक ओळखले जातात हे तर आधीपासून ठाऊक होतंच. मला हे स्पष्टीकरण मनापासून पटतं, कारण भाषेत जगणाऱ्या माणसाचा शब्द कधी कोरा नसतोच. पुढे यादी लांबवूनही मधला वेळ आणि कंटाळा सारखा ठेवला, तेव्हा शब्दांच्या बाबतीत लांब यादीमुळे होणारा गोंधळ जवळजवळ दिसेनासा झाला. शब्दांऐवजी चेहरे दाखवले, तेव्हा मात्र तो टिकला.

पण शेजारी पूर्ण निर्दोष सुटले नाहीत. क्रिस, माल्मबर्ग आणि शिफ्रिन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की चाचणी जसजशी पुढे सरकते तसतशी अचूकता घसरते, जणू आधी विचारलेले शब्दच आड येतात. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट समोर आली: चाचणीच्या मध्यात शब्दांचा प्रकार बदलला, की अचूकता पुन्हा सावरते. निव्वळ थकवा असता तर असं झालं नसतं.