धान्य वाढले, मुलांची उंची का नाही?

आशियातील भुकेचा हिशेब बराच काळ टनांतच झाला, आणि त्याला कारणही होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ पाऊस हुकला, तेव्हा भारताची भिस्त अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर होती. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. त्याच वर्षी फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे बुटके भातवाण प्रसारित केले. उंच जाती जास्त खत दिले की लोळत; बुटक्यांनी दाण्यांचा भार पेलला. अट एकच, हमखास पाणी.

देशाचा अन्नपुरवठा काढताना उत्पादन अधिक आयात, त्यातून निर्यात, बियाणे, पशुखाद्य आणि नासाडी वजा करतात, साठ्यातला फरक जमेस धरतात आणि लोकसंख्येने भागतात. हाती येते ती सरासरी; कुणाच्या ताटात किती पडले ते तीत दिसत नाही, ही या हिशेबाची पहिली गफलत. १९७४ मध्ये बांगलादेशात दरडोई अन्नधान्य मागच्या-पुढच्या वर्षांपेक्षा जास्त होते, तरी दुष्काळ पडला. पुराने शेतमजुरांचे काम गेले आणि तांदळाचे भाव भडकले, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले.

दुसरी गफलत डाळींची. हमीभाव आणि सिंचन गहू-तांदळाकडे वळले, कडधान्ये कोरडवाहू रानात ढकलली गेली. भारतात डाळींची दरडोई दैनिक उपलब्धता १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती, २००१ मध्ये ३० ग्रॅम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातले माणशी दरमहा ५ किलो धान्यही दिवसाला जेमतेम १६७ ग्रॅम, म्हणजे ६०० कॅलरींच्या आतच.

दक्षिण आशियातली मुले आफ्रिकेतल्या मुलांहून जास्त कुपोषित का, हा प्रश्न १९९६ मध्ये वैद्यक संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी ‘आशियाई कोडे’ म्हणून मांडला. त्यांचे बोट बायकांच्या दुय्यम स्थानाकडे, कमी जन्मवजनाकडे आणि अस्वच्छतेकडे होते. आई अशक्त असेल तर बाळ अडीच किलोच्या आत जन्मते. वारंवार जुलाब झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार तर बहुधा वरणाचे पाणी! आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० मिली मावते. ते पाण्यानेच भरले तर ऊर्जा कुठून येणार?

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा भर प्रत्यक्षात अंगणवाडीत येणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर राहिला, आणि खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, मुख्यतः दोन वर्षांच्या आत ठरून जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुजी आढळली.