पासपोर्ट काढताय? आधी नावाचे कागद जुळवा

पासपोर्टचा फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. फी ऑनलाइन जाते, अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते, एजंटची गरज उरलेली नाही. तरीही लोकांचे अर्ज अडकतात, आणि बहुतेक वेळा ते नावावर अडकतात. म्हणून सुरुवात वेबसाइटपासून न करता घरातल्या कागदपत्रांच्या फाइलपासून करा.

दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पॅन शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अन् अक्षर लावून बघा. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. हा क्रमाचा फरक चालतो. स्पेलिंगचा फरक मात्र डोकेदुखी ठरतो. एकाच ज्ञानेश्वरचं नाव शाळेत ‘डी-एन-वाय’ने सुरू होतं, पॅनवर ‘डी-एन-ए’ने आणि बँकेत थेट ‘जी-वाय’ने. लक्ष्मणच्या नावात कुठे ‘एक्स’, कुठे ‘के-एस-एच’. शाळेच्या दाखल्यावर पांडुरंग असलेला माणूस आधारवर पांडुरंगराव झालेला असतो, सुमनची सुमनबाई. तुम्हाला ते एकच नाव वाटतं, काउंटरवरच्या अधिकाऱ्याला दोन दिसतात. कोणता कागद दुरुस्त करायचा हे ठरवताना शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांना धरून राहा, आणि आधार-पॅन त्यांच्याशी जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती तुलनेने सोपी असते.

फॉर्ममध्ये नावाचे दोनच रकाने आहेत: ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. मधलं नाव ठेवायचं असेल तर ते स्वतःच्या नावापुढे ‘गिव्हन नेम’मध्येच लिहायचं, आणि आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव. पुढे व्हिसा आणि विमानाचं तिकीट याच विभागणीने काढावं लागतं, त्यामुळे इथे केलेला निर्णय दहा वर्षं निभवावा लागतो. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांची धावपळ झाली होती.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती पासपोर्ट कायद्यात कुठेही नाही. माहेरच्या नावाने पासपोर्ट काढता येतो आणि तसाच पुढे चालवताही येतो. बदलायचंच ठरवलं, तर आधी आधार आणि पॅन बदला, मगच पासपोर्टला हात घाला. लग्न झाल्यावर, हनिमूनच्या तोंडावर नाव बदलायला निघालेली जोडपी मी दर मोसमात पाहतो. त्यांना माझं एकच सांगणं असतं: जुन्या नावाचा वैध पासपोर्ट आहे ना, मग तिकीट त्याच नावाने काढा आणि फिरून या, नाव नंतर बदलेल.

जन्मतारखेचंही थोडं बघून घ्या. गावाकडच्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. ती खरी नाही म्हणून आता ‘सुधारायला’ जाऊ नका. सगळ्या कागदांवर एकच तारीख असणं महत्त्वाचं.

अर्ज करायची अधिकृत वेबसाइट ‘पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’ ही आहे, आणि ‘एमपासपोर्ट सेवा’ हे सरकारी अ‍ॅपही आहे. सर्चमध्ये वर येणाऱ्या बऱ्याच साइट हुबेहूब तशाच दिसतात आणि ‘फॉर्म फी’च्या नावाखाली पैसे उकळतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर टॅब बंद करा.

सध्याची फी अशी: प्रौढांसाठी दहा वर्षं मुदतीचा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपये, ६० पानी २,००० रुपये. वारंवार फिरणाऱ्यांनी वरचे ५०० रुपये द्यावेतच. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. अठरा वर्षांखालच्या मुलांना ३६ पानी पासपोर्ट १,००० रुपयांत मिळतो, पण त्याची मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल ते. नव्या अर्जावर आठ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना दहा टक्के सूट आहे.

जन्मतारखेसाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यांपैकी एक चालतं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी मात्र फक्त जन्मदाखलाच. इथे एक नेहमीची फसगत होते. दाखला बारशाआधीच काढलेला असतो, त्यामुळे त्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामी राहते. आधी महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या. त्याशिवाय मुलांच्या अर्जाला ‘अ‍ॅनेक्शर डी’ हे आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो सोबत न्यायचा, बाकी सगळ्यांचे फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात.

पत्त्यासाठी आधार, वीजबिल, गॅस कनेक्शनचा कागद, फोटो असलेलं बँक पासबुक वगैरे चालतं. भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणी केलेला करार हवा. स्टॅम्पपेपरवर नुसता नोटरी केलेला करार घेऊन आलेली मुलं पुण्यात केंद्रातून हमखास परत जातात. घरमालकाच्या नावाचं वीजबिलही उपयोगाचं नाही. आणि फॉर्ममध्ये गावचा पत्ता टाकू नका, आत्ता जिथे राहता तो टाका, कारण पोलीस पडताळणी तिथेच होते.

दहावी झालेल्यांनी दहावीचं प्रमाणपत्र न्यायलाच हवं. ते दाखवलं नाही तर पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शिक्का बसू शकतो, म्हणजे आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते. सहलीला जाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. दुबई-मस्कतला कामाला जाणाऱ्याला मात्र खूप पडतो.

सरकारी नोकरांना, म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक धरून, ना-हरकत प्रमाणपत्रासाठी साहेबांच्या मागे फिरायची गरज नाही. आपल्या कार्यालयाला आगाऊ कळवल्याचं पत्र पुरतं. आंदोलनाचा वा मिरवणुकीतला का होईना, फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर तो अर्जात लपवू नका. कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, आणि कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर एक वर्षाचा मिळतो.

केंद्रात अ, ब, क अशा अर्थाचे तीन काउंटर असतात. पहिल्यावर खासगी कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. स्क्रीनवर तुमचं नाव, तारीख, पत्ता दाखवतात तेव्हा घाई करू नका, अक्षर अन् अक्षर वाचा. चूक सुधारायची सगळ्यात सोपी जागा हीच. पुढचे दोन काउंटर सरकारी अधिकाऱ्यांचे. डिजिलॉकरवरून कागद दिले असले तरी मूळ प्रती पिशवीत असू द्या.

नंतर पोलीस पडताळणी. घरी कोणी सापडलं नाही तर ‘इथे राहत नाहीत’ असा शेरा जाऊ शकतो, म्हणून फोन उचलत जा, अनोळखी नंबर असला तरी. या पडताळणीची कसलीही फी पोलिसांना द्यायची नसते. तत्काळमध्ये सहसा पडताळणी नंतर होते, पण नावात मोठा बदल असेल तर तत्काळ मिळत नाही.

आता नूतनीकरण. आपण रिन्यू म्हणतो, सरकार ‘रि-इश्यू’ म्हणतं, आणि ते नावच बरोबर आहे: जुन्या पुस्तिकेची मुदत वाढत नाही, नव्या नंबरची नवी पुस्तिका मिळते. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि तेव्हाच करावा. अनेक देश प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट व्यवहारात साडेनऊ वर्षांचाच. मुदत संपून तीन वर्षं उलटली असतील तर पोलीस पडताळणी नव्याने होते. सोबत मूळ जुना पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या दोन-दोन पानांच्या, स्वतः सही केलेल्या प्रती. फी नव्याइतकीच. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. तो फेकू नका, त्यात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर दोन्ही पुस्तिका घेऊन प्रवास होतो. हरवला किंवा पावसात भिजून निकामी झाला तर ३६ पानी पुस्तिकेला ३,००० रुपये, आणि हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार.

आता पुस्तिकाही बदलली आहे. मुखपृष्ठावर छोटं सोनेरी चिन्ह असलेला, चिप बसवलेला ई-पासपोर्ट १ एप्रिल २०२४ ला प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला, तो नागपूर आणि भुवनेश्वरमध्ये. जुना साधा पासपोर्ट त्याची मुदत संपेपर्यंत चालतो, केवळ चिपसाठी बदलायला जाऊ नका.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि पोस्टमन तो ज्याच्या नावाने असेल त्याच्याच हातात देतो. दाराला कुलूप असेल तर ओळखपत्र घेऊन पोस्टात जा. लिफाफा लगेच फोडा, नाव, तारीख आणि आईवडिलांची नावं जिथे छापलेली असतील तिथे तपासा, आणि छपाईची चूक असेल तर त्याच आठवड्यात आपल्या विभागाच्या पासपोर्ट कार्यालयाला कळवा.