‘आमच्या पोट्ट्याले सारं येते’ : एका कौतुकाची चाळीस वर्षं

‘आमच्या पोट्ट्याले सारं येते. मले तं काही समजत नाही बाप्पा.’ नागपुरात हे वाक्य बँकेच्या रांगेत ऐकू येतं, मोबाइलच्या दुकानात ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. सूर तक्रारीचा, चेहरा मात्र खुललेला. पोट्टं चौथीतलं असो की इंजिनीअरिंगचं, कौतुक तेवढंच. हे सगळं स्मार्टफोनबरोबर आलं असं आपण धरून चालतो. खरं तर ते घराघरांत रुजायला चाळीस वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात कौतुकानं नाही, धास्तीनं झाली.

नागपूर मुळात नोकरदारांचं शहर. महालेखाकार कार्यालय, रिझर्व्ह बँक, रेल्वे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, सिव्हिल लाइन्समधली सरकारी कार्यालयं. ऐंशीच्या दशकापर्यंत अशा नोकरदारांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे नोकरी खाणारं यंत्र. कोलकात्यात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात कॉम्प्युटर बसू नये म्हणून इमारतीवर पहारा दिला होता. बँकांमध्ये १९८३ साली कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांचा करार झाला, तोही यंत्रांवर मर्यादा घालूनच. पुढच्या वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये यंत्रं शिरू लागली, पण ‘लेजर पोस्टिंग मशीन’, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारं यंत्र, अशा सोज्वळ नावानं. कॉम्प्युटर हा शब्द उच्चारला की युनियनचे कान टवकारायचे.

त्याच सुमारास, १९८४ मध्ये, केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. देशभरातल्या सुमारे २५० शाळांपासून सुरुवात झाली. यंत्र होतं ब्रिटनमधलं बीबीसी मायक्रो, आणि त्याच्या मॉडेल बीची स्मृती होती ३२ केबी. आज परीक्षेच्या अर्जाला पासपोर्ट फोटो जोडताना ‘५० केबीच्या आत’ अशी अट असते, म्हणजे भर ५० केबीचा एक फोटोसुद्धा त्या यंत्रात मावला नसता. पण या यंत्राची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते सुरू केलं की समोर ना चित्र, ना बटण. काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. तुम्ही ‘बेसिक’ या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक ओळ लिहिल्याशिवाय ते जागचं हलत नसे. पाढा छापायचा तर पाढा छापायचा प्रोग्राम लिहा. चुकलात तर कुठल्या ओळीत चुकलात ते यंत्र सांगणार, आणि तुम्ही परत लिहिणार.

नव्वदच्या दशकात शाळांमध्ये लोगो आलं, मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा. त्यातलं कासव ‘१०० पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ’ अशा आज्ञा पाळत पडद्यावर रेघा ओढायचं. लोगो १९६७ मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि त्यामागच्या मंडळींत सीमोर पॅपर्ट हे गणितज्ञ होते. यंत्रानं मुलाला शिकवायचं नाही, मुलानं यंत्राला शिकवायचं, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे त्याचं पुष्कळदा पाठांतरच झालं आणि परीक्षेत आज्ञा लिहून दाखवाव्या लागल्या, ही गोष्ट वेगळी. तरी चौकोन कसा निघतो हे त्या पोरांना आतून कळलेलं होतं.

शाळेतल्या कॉम्प्युटर रूमचा थाट असा की चपला-बूट बाहेर काढून आत जायचं. आत एसी. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास असताना सुट्टीतल्या कॉम्प्युटर क्लासला पोरं इतक्या आनंदानं का जायची, याचं निम्मं उत्तर बहुधा या एसीत आहे. घरी आई-बाबा विचारायचे, ‘आज काय शिकलास?’ मुलगा म्हणायचा, ‘फॉर-नेक्स्ट लूप.’ त्यावर बोलण्यासारखं कुणाकडे काही नसायचं. कौतुक तेव्हा फारसं नव्हतं, कारण मुलाला काय येतं हे दिसतच नव्हतं. दिसायची ती फी. युनियनच्या सभेत यंत्राविरुद्ध घोषणा देणारे बाबा संध्याकाळी धरमपेठेतल्या नाही तर सीताबर्डीवरच्या क्लासच्या काउंटरवर मुलाच्या फीचा हप्ता भरत. यात ढोंग नव्हतं. आपली नोकरी टिकवायची आणि मुलाला नवी मिळवून द्यायची, दोन्ही एकाच संसाराची कामं.

या काळातलं एक कौशल्य मात्र हिशेबातून निसटलं. तेव्हा गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या. मराठी ३०, इंग्रजी ४० अशा परीक्षा पास झालेल्या हजारो बायका-पुरुषांनी कार्यालयं चालवली. माझी एक मावशी त्यांतली. निवृत्तीनंतर तिनं मुलीच्या लॅपटॉपवर सोसायटीसाठी एक अर्ज टाइप केला. दहाही बोटं चालत होती, नजर कागदावर. विषय, संदर्भ, समास, ‘आपली विश्वासू’ची जागा, सगळं पहिल्या फटक्यात बरोबर. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी ती एंटर दाबत होती, कारण टाइपरायटरवर ओळ संपली की दांडी ओढून कॅरेज मागे न्यावंच लागतं. पुढे एक शब्द वाढवला आणि सगळ्या ओळी विस्कटल्या. मुलगी हसली, तिनं दोन मिनिटांत ते नीट करून दिलं. मावशी म्हणाली, ‘तुलेच येते हे सारं, बाई.’ त्या मुलीला दोन अंगठ्यांनी, रोमन लिपीत, अर्धे स्वर गाळून मराठी लिहिता येतं. शासकीय नमुन्यातला अर्ज तिला आजही आईकडूनच लिहून घ्यावा लागतो. पण ‘सारं येते’ हे शब्द आईच्याच तोंडून निघाले.

कौतुकाला खरा जोर आला तो २००१ नंतर. त्या वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर वापराचा अभ्यासक्रम आला. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत एमएस-सीआयटी, हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा सतरावा संस्कार झाला. दुसरीकडे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना हेच प्रमाणपत्र सक्तीचं झालं, मुदतीत मिळवलं नाही तर वेतनवाढ रोखली जाण्याची तलवार डोक्यावर. त्यामुळे एकाच बॅचमध्ये सोळा वर्षांची मुलगी आणि तिच्या वडिलांच्या वयाचे लिपिक शेजारी शेजारी बसले. माउस हातात धरल्यावर टेबलाची कड आली की पुढे काय करायचं, हे त्या काकांना कळेना. मुलगी म्हणे, ‘काका, उचला आन् मधात ठेवा.’ पोरांना जे येतं ते आपल्याला येत नाही, आणि ते न येण्याचे पैसे पगारातून कापले जाऊ शकतात, हे तिथे पहिल्यांदा लख्ख दिसलं. कौतुक आणि अवलंबून राहणं यांची गाठ बहुधा तिथेच पडली.

विद्यापीठातही वारं फिरलं होतं. नागपूर विद्यापीठाच्या बीसीसीए या कॉमर्स आणि कॉम्प्युटरच्या पदवीनं कॉमर्सच्या कितीतरी मुलांना कॉम्प्युटरकडे ओढलं. पोरं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला गेली. नंदनवन, प्रतापनगर, मनीषनगरच्या घरांत कॉम्प्युटर राहिला आणि तो चालवणारा गेला. मग फोनवरून शिकवणी. ‘आता डाव्या कोपऱ्यात बघा.’ ‘कोणत्या डाव्या? माझ्या का त्याच्या?’ आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीट विक्री २००२ मध्ये सुरू झाली तरी कितीतरी आई-वडिलांची तिकिटं पुढे अनेक वर्षं पुण्यात बसलेला मुलगाच काढत होता. नागपूर-पुणे गाडीचं तिकीट हे या सगळ्या कौतुकाचं चलन होतं, असं म्हणायला हरकत नाही.

याच सुमारास जगभर या कौतुकाला सिद्धान्ताचं बळ मिळालं. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत कालकाजीला सुगता मित्रा या संशोधकांनी एनआयआयटी या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कंपनीच्या आवाराच्या भिंतीत एक कॉम्प्युटर बसवला. पलीकडच्या झोपडपट्टीतली मुलं कुणीही न शिकवता तो चालवू लागली, ही बातमी सगळीकडे पोचली. २००१ मध्ये अमेरिकेत मार्क प्रेन्स्की या लेखकानं मांडलं की ही मुलं डिजिटल जगाची मूळ रहिवासी आहेत आणि मोठी माणसं तिथे आलेले स्थलांतरित. कल्पना चटकन पसरली, कारण प्रत्येक आई-बापाला ती घरच्या अनुभवासारखी वाटली. भिंतीतल्या कॉम्प्युटरवर मुलं बहुतेक वेळ खेळ आणि चित्रं यांतच घालवतात, हे मार्क वॉर्शॉवर यांच्यासारख्या अभ्यासकांचं निरीक्षण मात्र तितकं पोचलं नाही.

मग आलं २०१६. एप्रिलमध्ये यूपीआय, ५ सप्टेंबरला जिओ, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. या तीन गोष्टी एका वर्षात घडल्या नसत्या तर आजचं चित्र असं दिसलं नसतं, असं मला वाटतं. डेटा जवळपास फुकट झाला आणि रोख पैसा अचानक आटला. इतवारीतल्या दुकानदाराला, महालातल्या भाजीवालीला महिन्याभरात फोनवर पैसे घ्यायला शिकायचं होतं, आणि शिकवायला घरात एकच मास्तर होता, तोही बारावीतला.

सरकारनंही हे ओळखलं होतं. १४ एप्रिल २०१७ रोजी, डॉ. आंबेडकर जयंतीला, पंतप्रधान नरेंद्र मोदी नागपुरात आले. दीक्षाभूमीवर गेले आणि मानकापूरच्या क्रीडा संकुलातल्या कार्यक्रमात त्यांनी भीम-आधार, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर पैसे देण्याची सोय, सुरू केलं. तिथेच एक योजना जाहीर झाली. नव्या माणसाला भीम हे पैसे पाठवण्याचं सरकारी ॲप वापरायला शिकवा, त्यानं ठरावीक व्यवहार केले की शिकवणाऱ्याला १० रुपये. रोज वीस जण जोडले तर २०० रुपये, सुट्टीत किती होतील पाहा, असा हिशेब पंतप्रधानांनी तरुणांना करून दाखवला. डिजिटल व्यवहारांच्या सोडतीतलं एक कोटीचं बक्षीसही त्याच दिवशी जाहीर झालं. ते लातूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला मिळालं, मोबाइलचा १,५९० रुपयांचा हप्ता रुपे कार्डानं भरल्याबद्दल. घरातली पोरं मोठ्यांना शिकवतात, हे तोवर घरगुती कौतुक होतं. नागपूरच्या त्या कार्यक्रमात त्याला दर ठरला. मोठ्यांना पद्धतशीर शिकवण्याची सोय त्यामानानं कमीच राहिली.

कोरोनानं तर कळसच केला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर पुढे रद्द झाला आणि वर्ग फोनमध्ये आला. त्याआधीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, २०१७-१८ मध्ये देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळा भरली ती बाबांच्या फोनवर, बाबा ड्युटीवरून परत आल्यावर. पोरांनी तिथे जे शिकून घेतलं त्याचं कौतुक करावं की नाही असा प्रश्न पडावा. कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावणं, नेट गेल्याचं सोंग, बाईंनाच ‘मॅडम, तुम्ही म्यूट आहात’ असं सांगणं. आई मागून पाहायची आणि शेजारणीला सांगायची, ‘सर्वं स्वतःच करते, मले विचारतबी नाही.’

मुलांना खरोखर काय येतं, याची मोजदाद झाली आहे. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तपासलं होतं. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि तितक्याच मुलांना तो वापरता येत होता. पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं ४३.३ टक्क्यांनाच जमलं. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. ‘पोट्ट्याले सारं येते’ हे वाक्य पोट्टीबद्दल कमी ऐकू येतं, त्याचं एक कारण या आकड्यात असावं. आठवीच्या विद्यार्थ्यांची कॉम्प्युटर साक्षरता तपासणारा आयसीआयएलएस हा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१८ मध्ये झाला, त्यात भारत नव्हता. तिथेही सर्वांत वरची पातळी गाठणारे २ टक्केच निघाले. मिळालेली माहिती खरी की खोटी, ती कुणी आणि का दिली, हे पारखणं त्या पातळीत येतं. उपकरणांच्या गराड्यात वाढल्यानं ते आपोआप येत नाही.

माझ्या मते या चाळीस वर्षांत मुलांचं यंत्राशी असलेलं नातंच उलटं झालं. १९८४ चं यंत्र मुलानं सांगितल्याशिवाय काही करत नव्हतं. आजचा फोन न सांगता सगळं करतो आणि वर मुलानं पुढे काय पाहावं तेही ठरवतो. बेसिकमध्ये पाढा छापणाऱ्या पोराला कुणी शाबासकी दिली नाही. बोट सरकवणाऱ्याला दोन्ही हातांनी मिळते, कारण त्याच्या बोटावर घराचं लाइटबिल, गॅसचं बुकिंग आणि आजीच्या हयातीचा दाखला अडकलेला आहे. यंत्रणा घाईनं ऑनलाइन झाली, मोठ्यांना मागे सोडून गेली, आणि मधल्या जागेत घरचं पोरगं बिनपगारी कारकून म्हणून उभं राहिलं. त्याचं कौतुक व्हायलाच हवं, फक्त ते कशाचं चाललंय एवढं ठाऊक असावं.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. नागपुरात जूनमध्ये घरोघरी तेच चित्र असतं. दाखले आईनं फायलीत जपून ठेवलेले, त्यांचे फोटो काढून छोटे करणं आणि अपलोड करणं मुलाकडे, १०० रुपये भरताना पिन बाबांचा. मग येतो पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. ते बटण दाबायला मुलाला दहा सेकंद लागतात. हिंगण्याहून सकाळी कोणती बस वेळेवर मिळते, कुठल्या कॉलेजात तास खरंच होतात आणि कुठलं नुसतं क्लासवाल्यांशी बांधलेलं आहे, हे त्याला बाबांनाच विचारावं लागतं.